तलावाच्या पाळीवर सांगितलेली तारीख

पाऊस पडला नाही की आमच्या गटाला चेव यायचा, हे आधीच कबूल करते. पडला तर प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा, दोन-चार अंगठे मिळवायचे आणि आपापल्या कामाला लागायचं. पण नाहीच पडला, तर मग विचारूच नका. कुणाकडे खंड किती दिवसांचा झाला, कुणाकडे काल निदान चार थेंब आले, कुणाकडे तेही नाहीत, यावर दिवसभर खल. गोंदिया जिल्ह्यातले आणि आजूबाजूचे मिळून चाळीसेक हवामानवेडे आम्ही, मोबाईलवरच एकमेकांना ओळखणारे. गोंदियाचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब गटप्रमुख. सालेकश्याचे एक औषध दुकानदार सगळ्यात अभ्यासू. आणि अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात मी, आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. बाकीचे बहुतेक जण नुसते अंगठे दाखवायला होते.

गटाचा नियम एकच. सकाळी ठीक साडेआठला पर्जन्यमापकात बघायचं आणि आकडा टाकायचा. शून्य असलं तरी टाकायचं. ‘शून्य पूर्णांक शून्य’ असं टाकताना मला वर्गात हजेरी घेतल्यासारखं समाधान वाटायचं. निवृत्तीनंतर माणसाला कुणी काही विचारत नाही. इथे चाळीस माणसं माझ्या आकड्याची वाट बघायची. निदान मी तसं समजायची.

माझा पर्जन्यमापक दादाच्या अंगणात आहे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नवरा गेला, शाळा सुटली, तेव्हा त्याने मला माहेरी आणलं आणि समोरच्या दोन खोल्या दिल्या. उपकार केल्याचा आव नाही, चर्चा नाही. ट्रकमधून माझी कपाटं उतरवून घेतली आणि म्हणाला, इथं वारा चांगला येते. पर्जन्यमापक मागवला तेव्हा मी त्याला म्हटलं, की याच्या आसपास झाड नको, आकडा चुकतो. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः चढून मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, फांद्या उतरवल्या. शेंगा धरलेल्या होत्या. वहिनी दोन दिवस धुसफुसली. दादा त्या मापकाला बरणी म्हणायचा. रोज सकाळी माझ्याकडे चहाला यायचा आणि ओट्यावर टेकत विचारायचा, “बाई, आज का म्हनते तुई बरनी?” मी आकडा सांगायची, पुढच्या चार दिवसांचा अंदाजही सांगायची. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि शेताकडे निघायचा. तो मला मनापासून विचारतो की माझं मन राखायला, हे मला कधी कळलं नाही. मी ते कळून घ्यायच्या फंदातही पडले नाही.

त्या वर्षी पितृपक्षात पाऊस थांबला. गणपतीपर्यंत चांगला होता, मग आभाळ असं कोरडं झालं, की जणू कुणी पुसून घेतलं. आमच्याकडे हे दिवस म्हणजे धान गर्भात असण्याचे. रोपाच्या पोटात लोंबी तयार होत असते, ती बाहेर पडायच्या वेळी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पाणी लागतंच. तेव्हा मिळालं नाही तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही. उभ्या उभ्या पांढरी पडते. हे मी आठवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे.

गटात मात्र उत्सव सुरू झाला. खंड दहा दिवसांचा झाला की आमच्याकडे ‘फोड’ नावाचा खेळ लागायचा. प्रत्येकाने एक तारीख द्यायची, की खंड अमुक दिवशी फुटेल. ज्याची तारीख खरी, त्याच्या पर्जन्यमापकाचा फोटो महिनाभर गटाच्या दर्शनी चित्रावर. बस, एवढंच बक्षीस. निवृत्त, शहाणी, चारचौघांत मान असलेली माणसं त्या फोटोसाठी एकमेकांवर तुटून पडायची. गार्डसाहेब लिहायचे, “अब असली मजा आएगा. निकालिए अपनी अपनी तारीख.” मी तीन मॉडेल उघडून बसायची. बंगालच्या उपसागरात एक कमी दाबाचं क्षेत्र तयार होत होतं आणि तिन्ही नकाशे त्याला आमच्यावरूनच नेत होते. मी बुधवार दिला. सोबत नकाशा, बाण, चार ओळींचं स्पष्टीकरण. गार्डसाहेबांनी हात जोडले. माझ्या मागे आठ-दहा जणांनी बुधवारच घेतला. मला त्या दिवशी दोन वेळा जेवल्याइतकं बरं वाटलं.

शनिवारी तलावाच्या पाळीवर पाणी समितीची बैठक होती. आमचा तलाव जुना, मालगुजारी काळातला. त्यात त्या वर्षी एकाच पाण्याची सोय उरली होती. एकदा तुडुम उघडलं, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड मोकळं केलं, की सगळ्यांची शेतं भिजेपर्यंत सोडायचं आणि मग पुढच्या वर्षापर्यंत विसरायचं. नहराच्या तोंडाशी बड्या कास्तकारांच्या बांध्या. त्यांच्यानंतर मधल्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी, शेपटाला, आमच्या मोहल्ल्याच्या. आमच्या बापाने जमीन घेतली तेव्हा शेपटाचीच विकायला निघाली होती. तोंडाची आम्हाला कुणी विकली असती का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी उत्तरही दिलं नाही. तलावात पाणी भरपूर असेल तेव्हाच त्याला शेपटापर्यंत यायचा जोर असतो. पातळी उतरली की ते मध्येच कुठेतरी जिरतं.

म्हणून दादा बैठकीत उभा राहिला. तो सहसा उभा राहत नाही. म्हणाला, “तलावात जोर हाये तवरिकच पानी आमच्यावरी येते. तुडुम आजच खोला. उद्या-परवा केलं तं आमचं धान गेलं.”

अध्यक्ष बड्यांपैकीच एक. त्यांची दोन मुलं माझ्या हाताखालून गेली होती. त्यांनी दादाला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वळून माझ्याकडे बघितलं. मी बायकांच्या बाजूला, कडुनिंबाखाली उभी होते. म्हणाले, “मॅडम, तुमी तं रोज पाहाता. तुमच्या मोबाईलमंदी का दिसून राहिलं? पानी येऊन राहिलं का नाई?”

त्या पाळीवर आमच्या मोहल्ल्यातल्या कुणाला पहिल्यांदा मत विचारलं गेलं होतं. माझ्या बापाला तिथे कधी बसायला सांगितलं नव्हतं. दादा तीस वर्षं त्या बैठकांना जातो, त्याचं ऐकून घेतात, बस. आणि मला मॅडम म्हणून, सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, हे खोटं कशाला सांगू. मी चार पावलं पुढे आले. वर्गात यायची तशी.

मी सांगितलं, की बुधवारी पाऊस आहे. चांगला आहे. उपसागरातून येतोय. आजच तुडुम उघडलं तर हातचं एक पाणी वाया जाईल, मग दाणा भरताना काय करणार? चार दिवस थांबा.

बोलताना मी ‘बहुतेक’ म्हटलं नाही. मुलांसमोर बहुतेक म्हटलं की मुलं गोंगाट करतात, ही माझी जुनी सवय.

अध्यक्ष दादाकडे वळले. “तुईच बहीन सांगून राहिली ना गा. आता बोल.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो वाद घालेल. तो म्हणाला, “बाई म्हनते तं थांबू,” आणि खाली बसला. बसताना त्याने पंच्याने मान पुसली. शेपटावाल्यांमधून एकजण काहीतरी पुटपुटला, त्याला दादानेच गप्प केलं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते. त्याच सकाळी, बैठकीच्या दोन तास आधी, सालेकश्याच्या दुकानदाराने गटात लिहिलं होतं, की रात्रीच्या नव्या नकाशात त्या कमी दाबाची वाट वर सरकली आहे, आपल्याकडे न येता ते छत्तीसगडातून उत्तरेला जाईल असं दिसतं. त्याने नकाशाही टाकला होता. मी तो उघडून नीट बघितला. त्याचं म्हणणं बरोबर असण्याची पुरेपूर शक्यता होती. आणि मी उत्तर लिहिलं, की एका नकाशावर नाचू नका, उद्या परत खाली येईल. गार्डसाहेबांनी लगेच टाळ्या वाजवल्या. माझा बुधवार शाबूत राहिला. मग मी साडी बदलून पाळीवर गेले.

म्हणजे मला माहीत होतं. पूर्ण नाही, पण ‘बहुतेक’ म्हणण्याइतकं नक्की माहीत होतं. तो एक शब्द उच्चारला असता तर दादा बसला नसता.

रविवारी ऊन तापलं. सोमवारी जास्त. मंगळवारी नकाशात त्या कमी दाबाचा आमच्याशी काही संबंध उरला नव्हता. तोंडाच्या शेतवाल्यांनी तोवर तलावात पाणी उपसायच्या मोटारी टाकल्या होत्या. रात्रभर त्यांची घरघर आमच्या खोलीपर्यंत यायची. तेव्हा मला कळलं की चार दिवस थांबणं कुणाच्या सोयीचं होतं. त्यांना माझा पाऊस नकोच होता, त्यांना चार दिवस हवे होते. ते त्यांनी स्वतः मागितले असते तर शेपटावाल्यांनी भांडण केलं असतं. मी मागितले म्हणून कुणी केलं नाही. मॅडम, तुमच्या मोबाईलमंदी का दिसून राहिलं. मला अजून रात्री ते वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू येतं आणि संताप येतो. त्यांचा जेवढा येतो त्यापेक्षा माझा जास्त येतो.

बुधवारी सकाळी मी शून्य पूर्णांक शून्य टाकलं. गुरुवारीही. गार्डसाहेबांनी लिहिलं, “सिस्टीम ने धोखा दे दिया,” आणि पुढे हसून हसून रडणारे चार चेहरे. मग ‘फोड’ पुढे ढकलायची की बाद करायची यावर पन्नास-साठ निरोप झाले. कुणीतरी म्हणालं की जिल्ह्यात सगळ्यात लांब खंड मॅडमकडे चालू आहे, मॅडम विक्रमाकडे निघाल्या. अंगठे, टाळ्या, फुलं. मला विक्रमाबद्दल फुलं आली. दुकानदाराने गटात काही लिहिलं नाही. त्याने मला वेगळा निरोप पाठवला. “मॅडम, तुमच्याकडे धानाचं कसं आहे?” एवढाच. चाळीस माणसांत त्या एकालाच आठवलं होतं की पावसाखाली शेत असतं. मी त्याला ‘ठीक’ असं कळवलं.

शुक्रवारी तुडुम उघडलं. दादा पहाटेच फावडं घेऊन बांधावर जाऊन बसला. दुपारी मी त्याची भाकर घेऊन गेले. नहरात पाणी दिसत होतं, पण ते चालत नव्हतं, नुसतं पसरत होतं. वरच्या माणसाच्या बांध्या भरत होत्या. पाणी सोडणाऱ्या पाणकराने लांबूनच हात हलवला, म्हणजे आता एवढंच. संध्याकाळपर्यंत दादाच्या वरच्या दोन बांध्यांत टाचभर आलं. खालच्या पाच कोरड्याच राहिल्या. त्यांतली माती भेगाळली होती. दादा त्या भेगांमध्ये फावड्याचा दांडा घालून खोली बघत होता. उगाच. मोजायची सवय आमच्या घरात बहुधा सगळ्यांनाच आहे.

मला रडायला आलं. मी म्हटलं, “दादा, माझं चुकलं.”

तो म्हणाला, “पानी का तुया हातात हाये?”

त्याने मला सोडलं, आणि मी सुटले. त्या क्षणी सांगायला हवं होतं की पाणी माझ्या हातात नव्हतं, पण शब्द होता, आणि तो मी जाणून वापरला. मी टिफिनचे डबे गोळा केले आणि घरी आले.

दसऱ्याला दादा-वहिनी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. त्या वर्षीही गेले. जाताना वहिनीने पांढरी साडी उन्हात टाकली होती, आणि शेतात त्याच वेळी खालच्या पाच बांध्यांच्या लोंब्या पांढऱ्या होत होत्या. हातात घेतल्या तर हलक्या. दाबल्या तर दाण्याऐवजी नुसता फोल. गावात मला तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. पाठीमागे म्हणत होते, “मॅडमनंच सांगलं होतं.” अध्यक्ष तर उघड म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

नागपूरहून आल्यावर दादा सकाळी चहाला येऊ लागला, पूर्वीसारखाच. ओट्यावर टेकायचा, चहा फुंकायचा, वहिनीच्या गुडघ्याबद्दल, बैलाबद्दल बोलायचा. बरणीचं विचारत नव्हता. पहिले दोन दिवस मला वाटलं विसरला. मग समजलं. मी आकडा तोंडाशी आणायची आणि गिळायची. एकदा पानठेल्यावर मी उभी असताना, माझ्यादेखत, त्याने पानठेलेवाल्याला विचारलं, “पानी येइन का गा?” पानठेलेवाल्याने वर बघितलं आणि म्हणाला, नाई. दादाने मान हलवली. तीच मान, जी माझ्या ओट्यावर हलवायचा.

वरच्या दोन बांध्या मात्र पिकल्या. ऑक्टोबर संपत आला तशा सोनेरी झाल्या. वर्षभराचा घरचा भात त्या दोन बांध्यांत होता, आणखी कुठे नव्हता. आणि त्याच सुमारास उपसागरात चक्रीवादळ तयार झालं. या वेळी मी सगळे नकाशे चार-चारदा बघितले. सालेकश्याच्या दुकानदाराला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, वाटलं त्यापेक्षा वयस्कर होता. तो म्हणाला, “मॅडम, या वेळी शंकाच नाही. परवा सकाळपर्यंत येतो. कापू नका म्हणा सगळ्यांना.” मी त्याला विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. मी म्हटलं, मागच्या वेळीही तुमचंच बरोबर होतं. तो म्हणाला, ते राहू द्या, आधी शेतावर जा. चांगला माणूस.

मी तशीच शेताकडे निघाले. दादा, वहिनी आणि चार मजुरणी कापायला लागले होते. कापलेलं धान पेंढ्या बांधायच्या आधी दोन-तीन दिवस बांधीतच पसरून वाळवतात. त्या पसरलेल्या धानाला आम्ही कडपा म्हणतो. उभं धान पाऊस थोडाफार सोसतं. कडपा नाही सोसत. अर्धी बांधी कापून झाली होती.

मी बांधावर उभी राहिले. म्हटलं, “दादा, कापणं थांबव. दोन दिवस थांब. पाऊस आहे.”

तो ताठ झाला. विळा हातातच होता. रागावला नव्हता. रागावला असता तर मी भांडले असते.

“मागच्या बारीबी थांबच म्हनलीस,” तो म्हणाला.

मजुरणींनी एकमेकींकडे बघितलं. वहिनी मान खाली घालून कापत राहिली. मी म्हटलं, या वेळी खरं आहे. म्हणता म्हणताच मला कळलं की मी काय बोलले. या वेळी खरं आहे. म्हणजे मागच्या वेळी काय होतं? दादालाही ते ऐकू आलं असावं, कारण तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मजूर आज भेटले. उद्या भेटनार नाई,” आणि वाकला.

मी त्याचे पाय धरायला हवे होते. त्याच्या हातातून विळा ओढून घ्यायला हवा होता. पण कोणत्या तोंडाने? मी बांधावर उन्हात उभी राहिले आणि दुपारपर्यंत दोन्ही बांध्या आडव्या झालेल्या बघितल्या. आभाळ स्वच्छ होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, चुकू दे. त्या दुकानदाराचं चुकू दे, माझं चुकू दे, आणखी एकदा सगळं गाव हसू दे. माझ्या इतक्या वर्षांच्या आकड्यांमध्ये हीच एक प्रार्थना मी मनापासून केली.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. वारा, वीज, सगळं, नकाशात होतं तसं.

सकाळी मी मापकाजवळ गेले. झिमझिम चालू होती. मुंगण्याच्या बाजूने दादा आला, डोक्यावर खताच्या पोत्याची घोंगशी. शेताकडेच निघाला होता. अंगणात थांबला. कित्येक दिवसांनी त्याने बरणीकडे बघितलं.

“किती?” त्याने विचारलं.

“एकतीस पूर्णांक चार.”

“बराबर मोजलीस ना?”

मी हो म्हटलं. तो गेला.

साडेआठ वाजले होते. गट वाट बघत होता, जिल्ह्यातला सगळ्यात लांब खंड माझ्याकडे होता ना. आणि मी आकडा टाकला. सवयीने टाकला. क्षणात टाळ्या सुरू झाल्या. गार्डसाहेबांनी लिहिलं, “बधाई हो मॅडम, आखिर फूट गया.” कुणीतरी माझ्याकडे मापकाचा फोटो मागितला, दर्शनी चित्रासाठी. मी मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवला आणि चिखलातून शेतावर गेले.

दादा आणि वहिनी पाण्यातून कडपा उचलून बांधावर टाकत होते. मी साडी खोचून उतरले. वहिनीने सरकून जागा दिली. ओंजळीत घेतलेल्या लोंबीतून पाणी गळत होतं, दाणे भरलेले होते, जड होते. दोन दिवस असंच राहिलं तर त्यांना कोंब फुटणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. आम्ही तिघं बराच वेळ काम करत राहिलो. मग मी वर बघितलं. पश्चिमेला आभाळ थोडं उघडल्यासारखं वाटत होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात दादाने, वाकलेलाच, माझ्याकडे न बघता, हात वर केला.

“आता पानी थांबन केवा, ते नको सांगू मले, बाई.”